गहू बंद कधीपासून?

शरणपूर रोडच्या लॅबमध्ये रक्त काढणारा मुलगा
दंडाला रबर बांधता बांधता विचारतो,
"मावशी, गहू बंद कधीपासून?"
तीन महिने, मी म्हणते. जरा तोऱ्यातच.
तो रबर सोडतो.
"मग आज नको. रक्ताला काही आठवणार नाही."

सातपूरला, अशोकनगरच्या शेवटच्या बसथांब्यामागे
माझी पिठाची गिरणी. एकोणीस वर्षं.
लोकवन की शरबती, चिमटीत धरून सांगते.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
नाकातसुद्धा गहूच.
आणि पोळी खाल्ली की तासाभरात
पोट डफासारखं,
डोक्यात कोंडा भरल्यासारखं.
देवरेबाईंची बाजरी कुलथ्यांकडे गेली एकदा;
दोन्ही घरांनी दोन दिवस ऐकवलं.

जाऊ म्हणाली, गिरणीवालीला गहू बाधतो?
उद्या कोळ्याला पाणी बाधेल.

भाच्यानं मोबाईलवरून एक डबी मागवली.
बोट टोचा, थेंब पाठवा, साडेचार हजार.
आठ दिवसांनी रंगीत कागद आला:
गहू लाल, केळं लाल, शेंगदाणे लाल, दही लाल.
त्या हिशेबानं मी वाऱ्यावर जगायला हवं होतं.

डॉक्टर विसपुतेबाईंनी तोच कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूवर लिहिलं: टीटीजी.
खाली लिहिलं: एकूण आयजीए.
"हे दुसरं कशाला?"
"हे कमी असलं तर पहिलं खोटं बोलतं."
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"आणि सहा आठवडे गहू खायचा. रोज. दोन पोळ्या.
चोर घरात असेल तरच पाऊलखुणा सापडतील ना."

खाल्ला.
गिरणीच्या भिंतीवर खडूनं रेघा ओढत खाल्ला,
बेचाळीस रेघा.
एका रविवारी मखमलाबाद रोडला सगळ्यांबरोबर मिसळ, वर तीन पाव,
घरी येऊन न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिले.
रेघ मात्र ओढली.

रिपोर्ट आला. दोन्ही आकडे जागच्या जागी.
दुर्बिणीतून पाहिलं, आतड्याची मखमल शाबूत.
"सिलियाक नाही," बाई म्हणाल्या, "चांगली बातमी."
मला ती चांगली वाटेना.
मग मला झालंय काय?
"गव्हाशी तुमचं जमत नाही एवढं खरं.
पण ते दाखवणारी तपासणी अजून निघालेली नाही.
सोडून बघायचं, परत खाऊन बघायचं, लिहून ठेवायचं."
जावेला दाखवायला एक कागद हवा होता मला.
शिक्का असलेला.

घरी येऊन मांडणी उपसली.
हिंगाच्या डबीवर, मुंगीच्या अक्षरात: गव्हाचं पीठ.
हिंगात!
बसून हसले. मग हसू थांबेना.

पावसाळ्यानंतर पेठ रोडहून हेमराज गांगुर्डे आला,
नागलीचं पोतं आणि सात वर्षांचा मुलगा,
हातपाय काड्या, पोट तेवढं पुढे.
"ताई, गव्हावर दळू नका. याचा आकडा दोनशेच्या वर गेलाय."
"आधी मूठभर तांदूळ फिरवून घेते,"
एकोणीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले.
तेच वाक्य जिभेवर आलं, तिथंच राहिलं.
मी पट्ट्याकडे पाहिलं, चाळणीकडे,
छताच्या पत्र्याला लोंबणाऱ्या पिठाच्या जाळ्यांकडे.
"इथं नको," म्हणाले. "सोमवारी या."

सिडकोतून जुनी घरघंटी आणली, पाती नवी.
मागच्या खोलीत ठेवली, दाराला पडदा.
सोमवारी गिरणी बंद. केस धुवून, धुतलेली साडी नेसून
पोराची नागली दळली.
तो उंबऱ्यावर बसून बघत होता.
"तुम्ही पण नाही खात?"
नाही.
"तुमचा किती आला?"
माझा काहीच नाही आला.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं फुकटचा पेढा फेकणाऱ्याकडे पाहावं.
"मग मी तर पाव खाल्ला असता."

मी डब्यात पीठ भरत राहिले.
ऊन होतं अजून, लालसर,
आणि झाकण काही केल्या
नीट बसत नव्हतं.