सातवं अक्षर

परभणीत, जिंतूर रोडच्या दवाखान्यात
रेकॉर्ड रूमला खिडकी नाही, कूलर आहे.
मी फायली वाचतो, आजारांना आकडे लावतो.
टी अठ्ठ्याऐंशी, पॉइंट, पाच, तीन :
भूल दिलेली असताना जाग राहणं.
सहाव्या जागी नुसता एक्स,
एसटीत सीटवर रुमाल टाकावा तसा.
सातवं अक्षर विचारतं, कितव्यांदा आलात?

कोंडाबाई काचगुंडे, वय एकावन्न, पित्ताशय.
पहिल्या कागदावर मी ‘ए’ लिहिला होता.
आज ‘डी’. फेरतपासणी.
झोप नाही. ताटली पडली तरी छातीत धडधड.

“मला सगळं ऐकू यायलतं,” तेव्हा म्हणाली होती,
“बोट हलवायलते, हलंना.
तुम्ही पोरीचं नाव ठरवायलते.”

भूल देणाऱ्या बाई दर मंगळवारी फोन करत राहिल्या,
आज स्वतःच बाहेर बाकावर येऊन बसल्या.
चूक हा शब्द फाईलमध्ये कुठंच नाही.
भूल मात्र पानोपानी.

दोघी बराच वेळ गप्प.
मग कोंडाबाईच :
“काय ठेवलं मग नाव?”
“ओवी.”
“बरं केलं. ते दुसरं नका ठेवू म्हणून
आतून वरडायलते मी.”

बाई हसल्या की रडल्या,
अर्ध्या दारातून मला कळलं नाही.

‘एस’ म्हणजे मागं उरलेलं.
ते अक्षर या फाईलवर अजून टाकलेलं नाही.
पुढची तारीख तेवढी लिहिली, पेनानं :
मंगळवार.