गुंजभर

शालन मगदूम, वय सत्तेचाळीस, हुपरी.
काम : पैंजणांना घुंगरू जोडणे, घरीच.
दीड महिन्यापूर्वी उजव्या हातातून चिमटा गळला,
मग आठवड्याभरात शब्दही.

शब्द जिथे बनतात त्याच्या शेजारीच गाठ आहे,
म्हणून हिला पूर्ण झोपवायचं नाही.
"म्हंजे? डोस्कं उघडणार आन मी बगत बसणार?"
बघत नाही, शालनताई. बोलत.

मेंदूला स्वतःला दुखत नाही.
हे मी इतक्या जणांना सांगितलंय
की आता मलाच ते थापेसारखं ऐकू येतं.
दुखते ती कातडी, हाडावरचा पापुद्रा,
आतलं जाड अस्तर.

तेव्हा सकाळी सव्वासातला,
खाली दसरा चौकात रिक्षावाले अजून काच पुसत असताना
मी सुई घेऊन तिच्या डोक्याभोवती फिरते.
भुवईवर, हाडाला खाच लागते तिथे.
तिच्या आतल्या अंगाला, नाकाच्या मुळाशी.
डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे.
कानापुढे, आधी बोटाने नाडी चाचपून,
कारण थेंबही रक्तात जाता कामा नये.
कानामागे.
आणि मानेच्या वर, जिथे आई वेणी घालताना
फणीचा दात हमखास रुतवायची.
डावीकडे सहा, उजवीकडे सहा.
बाराव्याला ती म्हणाली,
"झालं न्हवं? का आजून योक हाय?"

थोडं थांबून मी चिमटा काढून बघितला.
"दाब कळतोय. दुकत न्हाई."
मग कवटीला तीन खिळ्यांची चौकट आवळली.
स्क्रीनवर ठोका अठ्ठ्याहत्तर होता,
अठ्ठ्याहत्तरच राहिला.
बावीस वर्षांत या न हललेल्या आकड्याकडे
माझ्याशिवाय कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

चादरीपलीकडे ड्रिल. अलीकडे मी, ती,
आणि पुण्याहून आलेली स्पीच थेरपिस्ट,
चित्रांची कार्डं घेऊन.
हे काय? "किल्ली."
हे? "कणीस."
सर्जन विजेचं टोक मेंदूवर टेकवत पुढे सरकतात.
हे काय?
"पायताण."
पोरीचं पेन थांबलं. कार्डामागे लिहिलं होतं चप्पल.
"सर, शब्द चुकतोय."
सर्जनांचा हात हवेत.
"चुकला नाही," मी जवळजवळ ओरडलेच,
"कोल्हापुरात आहोत आपण!"
मास्कमागे कुणीतरी फिसकन हसलं.
"हसू नगा," शालन म्हणाली, "हात हलंल त्येंचा."

मग चमच्याचं कार्ड.
ओठ हलले. आवाज नाही.
पुन्हा हलले.
तिचे डोळे माझ्यावर, मोठे.
टोक उचललं.
"च... चमचा. चमचा हाय की वो."
तिथे कागदाचा इवला आकडा ठेवला, नऊ,
आणि तेवढी गाठ तशीच सोडली.

संध्याकाळी वॉर्डात :
शून्य ते दहा, किती दुखतंय?
तिने अंगठा आणि बोट जुळवलं,
काट्यावर चांदीचा कण ठेवावा तसं.
"गुंजभर."
फॉर्मात गुंज नाही.
मी एक लिहिला, खोडला, दोन लिहिला.

रात्री अडीचला सिस्टरचा फोन :
कानामागे ठणकायला लागलंय.
लागणारच. एवढ्या वेळाचंच औषध होतं ते.
सलाइनमधून काय द्यायचं ते सांगून
मी अंधारात बसून राहिले,
हात आपोआप स्वतःच्या मानेच्या वर गेलेला.

रिपोर्ट सोमवारी.
जिन्यात तिचा नवरा भेटला, भरमू,
हातात दुधाची किटली.
रिपोर्टचं त्याने विचारलंच नाही.
म्हणाला, "घरनं चिमटा आणून दिऊ का वो?
हात लई चुळबुळतोय तिचा."