कोंबडी

पाहुणी येणार म्हणून मायनं उधारीवर बॉयलर आणली,
आणि बोडीतून वेचलेले घोंगे
चुलीमागं लपवले, टोपल्याखाली.
"तिच्यापुढं काढू नोको," म्हणाली,
"फ्रान्सची हाय. नाक दाबंल."

दाबलेली नाकं आम्हाला ओळखीची.
सातवीत लांजेवारांच्या मंदानं बाक बदलला होता,
माझ्या केसांना बोडीचा वास येतो म्हणून.
तेव्हापासून डब्यात बटाटा.
शिकले, मास्तरीण झाले,
तरी बटाटा.

सोलेन आली होती तलावातल्या वनस्पती मोजायला.
देवधान, शिंगाडा, कमळाचे कांदे,
दिवसभर बाबाच्या डोंग्यात, वहीला चिखल.
जेवायला बसली आणि मांजरीसारखं नाक वर केलं.
मागच्या दारी कोंबड्या रिकामे शंख टोचत होत्या.
उठली, मूठभर घेऊन आत आली,
मायपुढं ओंजळ धरली.

माय माझ्याकडं बघते.
मी भिंतीकडं.

मग ती सांगत सुटली पुस्तकातल्या हिंदीत,
मी झाडीबोलीत उतरवत गेले:
पाऊस उघडला की तिचे आजोबा कंदील घेऊन निघायचे
द्राक्षमळ्याच्या बांधानं,
गोगलगायी वेचून जाळीच्या पेटीत
दहा दिवस उपाशी ठेवायचे.

"दहा?" माय पहिल्यांदा बोलली.
"दोन दिस पुरे. दहा दिसात काय रायते त्याच्यात?"
"कडू पाला खातात त्या, पोट साफ व्हायला हवं."
"आमचे शेवाळ खातेत. दोन दिस."
दोघी तिथंच अडून बसल्या.
बाबानं तेवढ्यात टोपलं उचललं.

बाभळीच्या काट्यानं एकेक काढून खात ती म्हणाली,
घरी आजी टाचणी द्यायची,
शहरातल्या हॉटेलात मात्र याच जिवाला
खळग्याखळग्यांची ताटली, चांदीचा चिमटा,
आणि भाव ऐकून घाम फुटावा असा.
हे वाक्य मी मायला
दोनदा सांगितलं.

रविवारचं जेवण त्यांच्याकडं दिवेलागणीपर्यंत चालतं.
पाव उलटा पडला तर आजी न बोलता सुलटा करते.
वासराचं मुंडकं कापडात बांधून उकळतात
(हे मी सांगितलंच नाही).
सूप संपत आलं की आजोबा तळाशी लाल वाइन ओतायचे,
वाडगं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचे.
बाबानं आपल्या पेजेच्या वाडग्यात डोकावून पाहिलं.
"मोहाची चालंल का?"
मायनं डोळे वटारले.

आणि बेडूक, सोलेन म्हणाली,
मागच्या तंगड्या, पिठात घोळून, लोण्यात.
माय पदर तोंडाला लावून उठलीच:
"बेंडूक! शी बाप्पा! मानसं हायेत का कोन?"
तिच्या ताटात वीसेक शंख होते, चोखलेले.

हसत हसत सोलेननं पिशवीतून पुडी काढली.
निळी बुरशी चढलेलं चीज,
वास थेट पायमोज्यांचा.
"सडलं मा हे. फेक बाई, पोट बिघडन."
बाबानं ते जवसाच्या चटणीबरोबर भाकरीला लावलं,
संपवलं,
मत दिलं नाही.

रात्री भांडी घासताना माय म्हणाली,
"तिच्या आज्याला सांगजो म्हना. दोन दिस."
आजोबांना जाऊन सात वर्षं झालीत,
हेही मी सांगितलं नव्हतं.
"सांगते," म्हणाले.

सोमवारी स्टाफरूममध्ये डबा उघडला.
बटाटा. मीच भरला होता.
कापगते सरांनी चष्म्यावरून विचारलं,
"का मॅडम, पाहुणीनं काय खाल्लं मग तुमच्याकडं?"

"कोंबडी," मी म्हणाले.