पन्नासपैकी अकरा

सोहारला, बंदराच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर
माझी खोली. टेबल, दोन खुर्च्या, स्टॉपवॉच,
एसीखाली बादली. तिच्यातला थेंब
नेमका आकडे उलटे म्हणायच्या वेळी पडतो.

समोर लतीफ परकार, मूळचे बाणकोटचे.
परांचीवरून पडले, सहा मीटर.
नऊ दिवस बेशुद्ध.
फाइलवर विमा कंपनीचा शिक्का, वकिलाचा, कोर्टाचा;
नाव त्या शाईत अर्धं बुडालेलं.

पन्नास चित्रं दाखवली.
कंदील. करवत. अननस. शिडी.
शिडीपाशी ते जरा थांबले, की मलाच तसं वाटलं.
मग जोड्या लावून विचारलं: यातलं मघाशी कोणतं होतं?

ही चाचणी अवघड नाही. अवघड दिसते, एवढंच.
डोकं फुटून शिवलेली माणसंसुद्धा
पंचेचाळीसच्या खाली सहसा येत नाहीत.
डोळे मिटून बोट ठेवत गेलं तरी पंचवीसच्या आसपास जमतात.
नाण्याला काय आठवतं? तरी नाणं निम्म्या वेळी खरं बोलतं.

लतीफभाईंना अकरा.

विसरणारा माणूस अकरावर येत नाही.
इतकं काटेकोर चुकायचं
तर बरोबर काय ते आधी ठाऊक लागतं.
कंदील आठवला, म्हणूनच बोट किटलीवर गेलं.
दर खेपेला बोट निघायच्या आधी
डोळे योग्य चित्राला शिवून येत होते,
दारातल्या चपला जागेवर आहेत ना, बघावं तसे.

मध्ये चहा आला. त्यांनी विचारलं,
"तुमी कुठल्या, बाय?"
कुरुंदवाडची, म्हटलं.
"तिथली बासुंदी चांगली म्हणतात," आणि चेहरा उजळला.
बशीत चहा ओतून झाला.
"तुमी कुठल्या, बाय?"
कुरुंदवाडची.
"तिथली बासुंदी..." तोच उजेड, तितकाच.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
मी पेन खाली ठेवलं होतं आणि घड्याळही बंद होतं.
या प्रश्नाला गुण नाहीत.
उजळणं मोजायचा रकाना माझ्या कागदावर नाही.
आणि खरं सांगायचं, तेही नाटक असेल
असं मला वाटलं. या धंद्यात तसं वाटायलाच पगार मिळतो.

संध्याकाळी जिन्यात त्यांच्या मेहुण्याचा आवाज:
"सांगितलं होतं तसं, सगळं उलटंच दाखवलंस ना?"
आणि लतीफभाई, शाळेतून आलेल्या पोरासारखे,
"सगळं."

दोन तास त्यांनी ती एक सूचना धरून ठेवली होती.
भरल्या घागरीसारखी, हिंदकळू न देता.
माझ्या गावाला मग जागा उरली नसेल.
की घागरच तेवढी उरली होती?
स्कॅनमध्ये कपाळामागे डाग आहे. तो कुणी पढवलेला नाही.

रात्री अहवाल लिहिला.
"प्रयत्न पुरेसा नाही. निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत."
खाली एक वाक्य घातलं:
याचा अर्थ इजा नाही, असा होत नाही.
ते खोडलं. परत घातलं.
बासुंदीचं काय करायचं कळेना. "निरीक्षणे" या मथळ्याखाली
चार ओळींत ती बसवली. कोरडी झाली.

कोर्टाच्या सुदानी अनुवादकाचा फोन आला.
"ग्राह्य नाही"साठी अरबीत त्यांनी शब्द लावला होता: बातिल.
कायद्याला तो चालतो, म्हणाले. रद्द, निरर्थक, असा.
मी म्हटलं, पण ज्याच्याबद्दल आहे
त्याच्या घरी, त्याच्या नमाजेच्या भाषेत
बातिल म्हणजे खोटं.
पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजला नाही.
"दुसरा शब्द आहे का तुमच्याकडे?"

मी मराठीत शोधला.
बादलीत थेंब पडला, दुसरा पडला.
ते अजून लाइनवर आहेत.