पांढरे चौकोन

रात्री साडेनऊला, व्हॅलेन्सियात,
रेमेई फुस्तेरच्या पडद्यावर एक नकाशा उघडा आहे.
गावं नाहीत त्यात, नद्या नाहीत;
बाणापुढे बाण, बाणापुढे बाण,
आणि प्रत्येक बाणावर एकेका एन्झाइमचा चौकोन.
जीनोममध्ये जनुक सापडलं, की चौकोन हिरवा.
नाही सापडलं, की पांढरा.

डावीकडे यीस्ट : हिरवंगार.
मध्ये आपल्या आतड्यातला ई. कोलाय :
काहीही द्या, बाकीचं घरीच करून घेणारा.
आणि उजवीकडे तो,
देवदारावरच्या माव्याच्या पोटात
कोट्यवधी वर्षं राहत आलेला बुख्नेरा,
इतका मुरलेला भाडेकरू, की
एकेक करत भांडीही मोडीत काढलेली.

ट्रिप्टोफॅनच्या वाटेवर
त्याचं पहिलं पाऊल हिरवं.
पुढे
पांढरा
पांढरा
पांढरा
पांढरा.

"नमुना खराब," फेर्रान म्हणाला,
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढत.
"सोमवारी बघू."

पण मावा तर जिवंत होता.
रुग्णालयाच्या आवारातली ती फांदी
तिनं स्वतः कापली होती, शिडीवर चढून,
खाली रखवालदार ओरडत असताना.
आणि नुसता जिवंत नव्हे :
नराशिवाय, अंड्याशिवाय
पिलांमागून पिलं होत होती त्याला.
देवदाराच्या रसात साखर रग्गड,
बाकी सगळा खडखडाट.
मग हा ट्रिप्टोफॅन आणतो कुठून?

तिला आठवला 'कचरा' नावाचा फोल्डर.
बुख्नेराशी न जुळणारे डीएनएचे तुकडे
वेचून तिकडे फेकायचे,
असं प्रोग्रॅमच्या एक्केचाळिसाव्या ओळीत लिहिलं होतं.
लिहिलं होतं तिनंच, मार्चमध्ये,
घाईत,
स्वच्छतेच्या हौसेनं.

फोल्डर भला मोठा निघाला.
फेर्रान परत खुर्चीत बसला, जॅकेटसकट.
तुकड्याला तुकडा लागत गेला,
पंखा घरघरत राहिला,
आणि बारा वाजून गेल्यावर
नकाशाला दुसरा रंग चढला :
सेराशिया. त्याच पोटात, शेजारच्याच पेशीत.
त्याचं पहिलं पाऊल पांढरं. पुढचे चारही चौकोन नारिंगी.

एकजण चूल पेटवून पहिली उकळी आणतो
आणि अर्धकच्चं तसंच पलीकडे देतो;
दुसऱ्याला पेटवता येत नाही, शिजवता येतं.
मधली भिंत ते कसं ओलांडतं,
हे नकाशा सांगत नाही.

"केवढं सहकार्य!" फेर्रान म्हणाला.
रेमेई हसली.
सहकार्य कसलं?
हरवत तर दोघांचंही गेलं.
एकाचं जे हरवलं
ते दुसऱ्याचं हरवायचं राहिलं, एवढंच.
आणि जगायला तेवढं पुरलं.

मग उगाच, झोप उडालीच होती म्हणून,
तिनं माणसाचा नकाशा उघडला.
क जीवनसत्त्वाची वाट.
उंदराची शेजारीच लावली, ती टोकापर्यंत हिरवी.
आपली येते, येते, येते,
आणि शेवटच्या पावलाला पांढरी.
जनुक आहे अजून जागेवर,
छप्पर उडालेलं, दारं निखळलेली;
वाचता येतं, चालवता येत नाही.
किती पिढ्यांपूर्वी पडलं
आणि पडताना कुणालाच कसं जाणवलं नाही?

खणात अल्सिरातल्या मावशीच्या बागेतलं
एक संत्रं होतं, जरा सुरकुतलेलं.
ते तिनं कीबोर्डवरच सोललं.
झाडाची वाट वेगळी, वळणं वेगळी,
मुक्काम मात्र तोच,
आणि मधे भिंत नाही, नुसती साल.
अर्धं फेर्रानला दिलं.
त्यानं बिया मुठीत धरून ठेवल्या,
टाकायच्या कुठे ते न सुचून.

मग ती पुढे वाकली,
आणि चिकट बोटांनी
एक्केचाळिसावी ओळ खोडू लागली.