डुकराची गोष्ट

अचाओच्या बाजाराला निघालेलं आमचं डुक्कर
भर खाडीत होडीतून पडलं,
माझ्या आयुष्यात घडलेली ही एकच गोष्ट
सांगण्याजोगी.
आणि नेमकी तीच मला सांगता येत नसे.

मी सुरू करायची : तो मंगळवार होता,
नाही, बुधवार, मंगळवारी मेंढ्या कातरल्या,
म्हणजे कातरायला बसलो, पण कात्री राहिलेली मावशीकडे,
मावशी म्हणजे धाकटी, पायानं अधू ती...
नमनालाच घडाभर तेल.
डुक्कर पाण्यात पडेपर्यंत
नवरा लाकडं आणायला उठलेला,
जाऊ बटाटे सोलायला वळलेली,
ऐकायला उरायचं मांजर.

बेलार्मीनोकाका, ज्याचं बोलणं ऐकायला
केनाक बेटावरून माणसं वल्ही मारत येत,
एकदा म्हणाला, ओतिलिया,
डुकराला वार कळतो का?
त्याच्या डोळ्यांपासून सुरू कर.

मग कढईसारखी घासत गेले ती गोष्ट.
धार काढताना गाईला सांगितली.
दवाखान्याच्या बाकावर, पावाच्या रांगेत,
धक्क्यावर धुकं विरायची वाट बघत,
कोण कुठे हसतं, कोण कुठे घड्याळ बघतं
ते ध्यानात ठेवलं.
वार गेला. मावशी गेली, कात्रीही गेली.
होडीत आम्ही तिघं होतो, ती दोघंच ठेवली,
मी आणि डुक्कर.
हेराल्दोची उगाच गर्दी व्हायची.
पण उडी मारायला तर कुणी हवं,
म्हणून : नावाड्यानं मारली उडी.
तीन शब्दांत आटपायचा तो.

आता लोकच म्हणत, ओतिलिया, ती डुकराची सांग ना.
नवरासुद्धा लाकडं जरा पुढे ढकलायचा.

गेल्या ऑगस्टात हेराल्दो गेला.
समुद्रानं नाही नेला, छातीनं नेला,
होडी बांधता बांधता, दोर हातातच.
नवव्या रात्री, प्रार्थना संपून
रश्शाची भांडी फिरत असताना
त्याचा येर्को, आठ वर्षांचा,
माझ्या गुडघ्याला टेकून म्हणाला,
बाबा आहेत ती गोष्ट सांग.

बाबा आहेत ती.

मी तोंड उघडलं. डुकराचे डोळे तयारच होते,
पण समोर पोराचे डोळे.
तीन शब्द कसे द्यायचे त्याला?
थांबले. इतकी, की चुलीत लाकूड खचलेलं ऐकू आलं.
आणि मग दिसलं,
इतक्या वर्षांत एकदाही न सांगितलेलं :

उडी मारायच्या आधी त्यानं बूट काढले होते.
मी किंचाळतेय, वारा सुटलाय, डुक्कर गटांगळ्या खातंय,
आणि हा फळीवर बसून नाड्या सोडतोय,
बूट जोडीनं ठेवतोय, टाचेला टाच,
कुणाच्या सारवल्या घरात शिरावं तसा.
मग पाण्याकडे बघून म्हणाला,
येऊ का आत?

कुणीतरी हसलं, हसता हसता नाक पुसलं.
डुक्कर वर आलं. मागून तो आला.
मी शेवटाकडे वळले,
डुक्कर कितीला गेलं तिथे,
जिथे सगळे हमखास हसतात.
तर येर्को म्हणाला,
आणि बूट? बूट घरी कुणी आणले?

मला माहीत नव्हतं.
काहीतरी जोडून देता आलं असतं,
आता जमतं मला ते.
म्हणाले, नाही रे आठवत.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
चुलीपाशी क्लोरिंदा होती,
नऊ रात्री ताटं पुढे करण्यापलीकडे
शब्द न काढलेली.
तिनं डाव खाली ठेवला.
मी, म्हणाली.
तेव्हा आमचं लग्नही नव्हतं झालं.
तो अनवाणीच गेला होता निघून,
आणि मी धक्क्यावर मासे साफ करत...

आम्ही सगळे
तिच्याकडे तोंड करून बसलो.