सतरा पाती

टॅकोमात, मॉलच्या मागच्या दारापाशी,
रात्री अकराला माझा नंबर एकशे नऊ.
कंपनी मला एक नग फुकट देणारच आहे, पुढच्या आठवड्यात.
तरी उभी आहे नवऱ्याची कानटोपी घालून,
लोक काय बोलतात ते ऐकायला.

लोक चिपबद्दल बोलतात.
पुढचा टायरेल घडीची खुर्ची घेऊन आलाय.
त्याला सगळं तोंडपाठ: किती कोअर, किती मेमरी,
धनुष्य ताणलं की बोटाखालचं बटण कसं घट्ट होत जातं.
"आणि थांबायचं नाही," तो सांगतो,
"दार ढकललं की पलीकडचं जग तयार."
मागे एक नर्स, ड्युटीच्याच कपड्यांत, नातवासाठी आलेली.
तिला एवढंच हवंय, जुन्या डिस्क चालतील ना?
चालतील, मी म्हणते.
तुम्हाला कसं माहीत, ती विचारत नाही.
पंख्याचं तर कोणीच विचारत नाही.

पंखा मी केलाय.
मी, इन्ग्रिड, आणि लोरेंझो, जो मार्चमध्ये सोडून गेला.
आधी पाती सोळा होती, आणि सोळा जणी
एकाच सुरात गुणगुणायच्या, खालचा पत्राही साथ द्यायचा.
सतराला कशानेच भाग जात नाही.
गुणगुण मोडली.
मग पातं दीड अंश वाकवलं. मग बेअरिंग.
हिशेबखातं नाही म्हणालं, चार महिन्यांनी हो म्हणालं.
चिप पोस्टाच्या तिकिटाएवढी, तापते तव्यासारखी,
तिच्यावर तांब्याच्या नळ्या, पत्र्यांची चवड,
आणि सगळ्यांच्या शेवटी हा,
हूं की चूं न करणं हेच ज्याचं काम.

जूनमध्ये मोठ्या पडद्यासमोर पन्नास मिनिटं अनावरण झालं.
आमच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं:
"...आणि हो, आवाजही कमी."
इन्ग्रिडनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला
की अंगठी रुतली.

बाराला शटर वर गेलं. टायरेल खुर्ची विसरून धावला.

दोन वाजता, घरी. खोका, थर्माकोल, वायर.
चालू केलं. गेममध्ये मुद्दाम आग लावली,
अख्खं जंगल, म्हणजे चिप घामाघूम व्हावी.
कान लावला.
फ्रिज ऐकू आला. वरच्या मजल्यावरचं घोरणं.
डाव्या कानातली ती बारीक शिट्टी,
चाचणीच्या खोलीत दुसऱ्या वर्षी लागलेली,
डॉक्टर म्हणतात ती आता राहील.
मागच्या जाळीवर तळवा धरला. वारा कोमट.
फिरतोय तर.

इन्ग्रिडला लिहिलं: काहीच ऐकू येत नाही.
उत्तर लगेच आलं, म्हणजे तीही जागीच:
टीव्हीचा आवाज बंद केलास का आधी?

नव्हता केला.
उठले, रिमोट शोधायला लागले.